आठ खांदे, एक स्ट्रेचर

गुलमर्गचा गोंडोला दुसऱ्या टप्प्यात अफरवटवर नेतो, सुमारे 13,000 फुटांवर. तिथल्या स्की पेट्रोलचं, म्हणजे बर्फावरच्या गस्ती पथकाचं, काम पर्यटक यायच्या आधीच सुरू होतं. रात्री बर्फ किती पडला, वाऱ्याने तो कुठे साचवला हे पाहायचं आणि हिमप्रपाताचं भय वाटलं तर उतार सरळ बंद करायचा. अमेरिकेत 1938 साली चार्ल्स मायनॉट डोल यांनी नॅशनल स्की पेट्रोल उभं केलं. इतिहास एवढा पुरे, कारण माझा जीव अडकलाय सह्याद्रीत.

मुंबईतल्या आम्हा माहुलकरांच्या वाट्याला डोंगर आला तो तुर्भ्याचा, तोही अणुसंशोधन केंद्राच्या कुंपणाआड. मग कुर्ल्याला जाऊन खोपोली लोकल पकडायची. त्या खोपोलीत यशवंती हायकर्स, घाटावर लोणावळ्यात शिवदुर्ग मित्र, पलीकडे महाबळेश्वर ट्रेकर्स. डोंगरात अडकलेल्यांना सोडवणाऱ्या या संस्था म्हणजे आपली पेट्रोल! फरक इतकाच, की यांना पगार नाही. फोन आला की हातातलं काम टाकायचं, दोर उचलायचे आणि निघायचं.

स्की पेट्रोलचा जखमी घसरगाडीवरून खाली येतो. निम्मं काम बर्फच करतो. इथे बर्फ नाही, म्हणून खांदे. स्ट्रेचरला एका वेळी सहा-आठ जण लागतात, तेवढेच बदलीला हवेत. पायवाट एका माणसाची, स्ट्रेचर तिघांच्या रुंदीचं. कडेचे दोघे कारवीत, नाहीतर घसाऱ्यावर. तीव्र उतारावर मागून दोर लावतात. झाडाला किंवा कातळातल्या बोल्टला अँकर करून इंचाइंचाने सोडतात. मणक्याला मार असेल तर माणसाला उठवून बसवायचं नाही, पाठुंगळी तर मुळीच घ्यायचं नाही. घाबरलेले मित्र नेमकं तेच करतात. दोर सोडणारा गडी मला या सगळ्यांत थोर वाटतो. त्याला जखमी दिसतही नाही, नुसते आवाज ऐकून तो दोर सोडतो किंवा आवळतो.

28 जुलै 2018 रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात कोसळली. तीस जण गेले, एक वाचला. पावसात, निसरड्या दरीतून मृतदेह वर काढायला एनडीआरएफच्या जवानांबरोबर हेच गिर्यारोहक दोरावर होते.

मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघात अशा गिर्यारोहकांचं गिरिमित्र संमेलन भरतं. तिथल्या चहाच्या रांगेत सभागृहापेक्षा जास्त शिकायला मिळतं, हे माझं ठाम मत. आग्या मोहोळाखाली चूल का पेटवू नये, तेही तिथेच कळलं.

पण एक गोष्ट खटकते. गुलमर्गला धोका दिसला की उतार बंद होतो. आपल्याकडे माणूस गेला की आदेश निघतो. जून 2024 मध्ये भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, मग पुणे जिल्हा प्रशासनाने धबधब्यांवर निर्बंध घातले. पावसाळ्यात लोहगडाच्या पायथ्याशी रोज सकाळी वाटेची पाहणी करून हो-नाही सांगणारी पगारी माणसं हवीत, आणि ती याच संस्थांनी घडवलेली असावीत. सुटकेचं काम हौसेवर चालतं, गस्तीचं चालत नाही.

तोवर तुम्ही एवढं करा. वाट चुकलात तर 112 ला फोन लावा, शेवटची ओळखीची खूण सांगा, बॅटरी जपा आणि जागा सोडू नका. पाण्याच्या कडेने उतरलं की गाव लागतं, या भरवशावर नाळेत, म्हणजे डोंगराच्या घळीत, शिरू नका. सह्याद्रीत ते पाणी बहुतेकदा कड्यावरून खाली पडतं.