माडाच्या बागेतील मोकळी जागा

माड, पोफळ, केळ, मिरी व जायफळ ही झाडे एकाच बागेत वाढविण्याचा प्रघात कोकणात व गोमंतकात जुना आहे. गोमंतकात अशा बागेस कुळागर म्हणतात. ही झाडे एकमेकांशी जमवून घेतात, असे बागाईतदार सांगतात. हे जमणे कशावर अवलंबून आहे ते मात्र नीट पाहावयास हवे. कारण येथील चूक ध्यानात येण्यास आठदहा वर्षे जातात.

७.५ मीटर अंतराच्या लागवडीत एका माडाच्या वाट्यास सुमारे ५६ चौरस मीटर जमीन येते. त्याची बहुतेक कार्यक्षम मुळे बुंध्यापासून २ मीटरांच्या घेऱ्यातच असतात, असे कासरगोड येथील संशोधनात आढळून आले आहे. म्हणजे जमिनीचा चौथा हिस्साही माड पुरता वापरीत नाही. दुसऱ्या झाडास स्वतंत्र खत-पाणी दिले, तर माडाच्या पोषणात तूट येण्याचे कारण उरत नाही.

उन्हाचा हिशेब याहून अवघड आहे, कारण तो माडाच्या वयाबरोबर बदलतो. पहिली सातआठ वर्षे केळ, अननस किंवा भाजीपाला खुशाल घ्यावा. पुढे झावळ्या एकमेकींस भिडतात आणि विसाव्या-पंचविसाव्या वर्षापर्यंत सावली इतकी दाट राहते की, खालचे पीक सहसा पोसत नाही. नेमक्या याच काळात जागा रिकामी दिसते म्हणून कलमे लावली जातात! खोडे उंच गेली की तिरपे ऊन आत शिरते. जायफळ, दालचिनी व खोडावर चढणारी मिरी यांचा काळ तो होय. पोफळीचे उलट आहे. कोवळ्या पोफळीस नैऋत्येकडील ऊन सोसत नाही, खोड करपते. तेथे केळ आधी लावावी ती सावलीसाठी.

जायफळात आणखी एक मेख आहे. बियांपासून केलेल्या रोपांत सुमारे निम्मी नर निघतात आणि फुलोरा येईपर्यंत ते ओळखत नाहीत. म्हणून मादी झाडाची कलमेच घ्यावीत, परागासाठी थोडे नर ठेवावेत.

झाडांची दाटी झाली म्हणजे हवा खेळत नाही व पावसाळ्यात पोफळीवर कोळेरोग बळावतो. पाण्याचीही मर्यादा आहेच. पाटाला मे महिन्यात किती पाणी असते ते पाहून मगच कलमांची संख्या ठरवावी.