घरातले दिवे मोबाइलवर घ्यायचेत? आधी बघा, नेट नसताना ते लागतात का

रात्री दोन वाजता गेलेली लाइट परत येते आणि घरातले सगळे दिवे एकदम फुल पेटतात. झोपलेली पोरं उठतात, गोठ्यातली जनावरं उभी राहतात, आणि म्हातारी माणसं विचारतात, कुणी लावले रे? कुणीच लावलेले नसतात. ऑनलाइन मागवलेल्या स्मार्ट बल्बची खरी ओळख गावात बऱ्याचदा अशी होते. बल्ब बिघडलेला नसतो. वीज आली की पेटायचं, असं त्याला कारखान्यातूनच सांगून ठेवलेलं असतं. जिथे लाइट महिनोन्‌महिने जात नाही तिथे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. जिथे दिवसातून तीनदा जाते तिथे पहिल्याच रात्री कळतं.

म्हणून मोबाइलवर चालणारे दिवे गावातल्या घरात बसवायचे असतील, तर जाहिरातीत दाखवलेल्या एक कोटी साठ लाख रंगांपेक्षा तीन गोष्टी आधी तपासायला हव्यात. नेट गेल्यावर काय होतं, लाइट जाऊन आल्यावर काय होतं आणि घरातल्या आजीने भिंतीवरचं बटण दाबलं तर काय होतं.

वाय-फायचा बल्ब आणि हबचा बल्ब

बाजारात सगळ्यात स्वस्त आणि सहज मिळतो तो वाय-फायचा बल्ब. साधा ९ वॅटचा एलईडी शंभर रुपयांच्या आसपास येतो, तर हा त्याच्या पाच-सहा पट पडतो. त्याला वेगळा डबा लागत नाही, तो थेट राउटरशी जोडला जातो. पण बहुतेक बल्बांत मोबाइलवर बोट लावलं की तो हुकूम आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून घरी परत येतो. म्हणजे ओट्यावर उभं राहून ओट्यावरचाच दिवा लावायचा, आणि निरोप जाणार परगावाहून.

त्यातही ज्या घरात राउटर नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालतं, तिथे हा प्रकार टिकत नाही. ज्याच्या मोबाइलचा हॉटस्पॉट, तो माणूस सकाळी शेतावर गेला की घरचं वाय-फायही त्याच्या खिशात शेतावर जातं. मागे राहिलेल्यांना ते दिवे मोबाइलवरून लावता येत नाहीत.

हबचा प्रकार वेगळा आहे. हब म्हणजे हाताच्या पंजाएवढा एक डबा. तो बहुधा वायरने राउटरला जोडायचा, काही हब वाय-फायनेही जोडले जातात. घरातले दिवे, बटणं आणि सेन्सर राउटरशी बोलत नाहीत, या डब्याशी बोलतात. त्यांची बोलण्याची पद्धतही वाय-फायची नसते. जास्त चालणाऱ्या पद्धतीचं नाव झिगबी. तिला वीज फार कमी लागते, त्यामुळे काडेपेटीएवढा सेन्सर बटणासारख्या छोट्या सेलवर साधारण वर्षभर चालतो. शिवाय कायम विजेवर असलेलं जवळजवळ प्रत्येक उपकरण पुढच्याला निरोप पोचवतं. पडवीतल्या दिव्याने हबचं ऐकायचं, ओट्यावरच्या दिव्याला सांगायचं, आणि त्याने गोठ्यातल्याला. जुन्या घराच्या दीड-दोन फुटी दगडी भिंतीत हाच उपयोग होतो, कारण अशा भिंतीतून आणि पत्र्यातून रेंज सहज जात नाही.

खर्च मात्र वाढतो. हब साधारण दीड-दोन हजारांपासून पुढे, नामांकित कंपनीचा त्याहून महाग. दोनच दिवे लावायचे असतील तर हबच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

दुकानातच नेट काढायला सांगा

हब घेतला म्हणजे नेटची कटकट संपली असं मात्र नाही. काही हब सगळा हिशेब स्वतःच्या पोटात ठेवतात. काही नावाला हब असतात आणि विचारायला कंपनीच्या सर्व्हरकडेच धावतात. डब्यावर ‘स्मार्ट’ दोन्हींच्या लिहिलेलं असतं.

ओळखायची रीत सोपी आहे. दुकानात किंवा ज्याच्याकडे बसवलाय त्याच्या घरी राउटरचं नेट काढून ठेवायला सांगा, राउटर चालू राहू द्या. मग सेन्सरसमोरून चालून बघा, बिनवायरचं बटण दाबून बघा. दिवा लागला तर हब घरचा आहे. नाही लागला तर तो भाड्याचा आहे, असंच समजायचं. ऑनलाइन घेणार असाल तर माल परत करायची मुदत संपायच्या आत घरी हीच परीक्षा घ्या.

ही भीती उगाच नाही. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा हब लोकांनी सुमारे ३०० डॉलरना घेतला होता. ती कंपनी नेस्टने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये तिची सेवा बंद केली. घराघरांतले डबे चालू स्थितीत असून निकामी झाले. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या कंपनीचे सर्व्हर असेच अचानक बंद पडले. पण तिथे ज्यांच्या भिंतीवरची बटणं थेट दिव्यांशी जोडलेली होती, त्यांचे दिवे लागत राहिले.

आणखी एक गोष्ट दुकानदाराला विचारण्यासारखी आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ‘मॅटर’ नावाचं एक सामायिक प्रमाण आलं. ते असलेली वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी घरातल्या घरात बोलू शकतात. नवं सामान घेताना त्यावर हे चिन्ह असेल तर बरं. बोलून दिवा लावायची हौस असेल तर मात्र त्याला नेट जवळजवळ नेहमीच लागतं.

आजीचं बटण

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. स्मार्ट बल्बला सतत वीज हवी असते. भिंतीवरचं बटण बंद केलं की तो मेला, मग मोबाइलवर कितीही बोट घासा. आणि घरातली आजी, आई, पाहुणे बटण बंद करणारच. त्यात त्यांची चूक काय? खोलीतून निघताना दिवा बंद करायचा, हे त्यांनीच पोरांना शिकवलेलं असतं.

झिगबीत याचा एक उपफटका आहे. मधल्या बल्बचं बटण कुणी बंद केलं की निरोपाची साखळी तुटते आणि त्याच्या पलीकडचा गोठ्यातला दिवाही ऐकेनासा होऊ शकतो.

त्यामुळे बहुतेक घरांसाठी स्मार्ट बल्बपेक्षा बोर्डातल्या बटणामागे बसणारं छोटं मॉड्यूल बरं. ते साधारण काडेपेटीएवढं असतं, बल्ब साधाच राहतो. बटण दाबलं तरी दिवा लागतो, मोबाइलवरूनही लागतो, आणि हब बंद पडला तरी बटण चालतं. बल्ब गेला तर गावातल्याच दुकानातून शंभर रुपयांचा आणून लावता येतो.

पण मॉड्यूलला चोवीस तास वीज लागते, म्हणून बोर्डात फेजसोबत न्यूट्रलही हवा. ज्या बोर्डावर पिनचं सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतोच. नुसत्या बटणाच्या बोर्डात, जिन्याच्या दोन बाजूंनी चालणाऱ्या बटणात किंवा पलंगाशेजारच्या एकट्या बटणात तो नसण्याचीच शक्यता जास्त. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूल मिळतात, पण ती बल्बमधूनच थोडा करंट ओढतात. मग कमी वॅटचा एलईडी बंद केल्यावरही मिणमिणतो किंवा लुकलुकतो.

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं. यूट्यूब बघून बोर्ड उघडू नये. जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजवर आहे की न्यूट्रलवर, याचा भरवसा नसतो. न्यूट्रलवर असेल तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये करंट राहतो. मेन स्विच काढून, टेस्टरने खात्री करून मगच हात घालायचा. वायरमन घरी आलाच आहे तर अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर तो बसवून घ्या. स्मार्ट दिवे पुढच्या महिन्यात लावले तरी चालतील.

आणि एक. दिव्याच्या मॉड्यूलवर पाण्याची मोटर लावायची नाही. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, मॉड्यूलचे आतले संपर्क चिकटून बसतात, मग मोबाइलवर ‘बंद’ दिसतं आणि मोटर चालूच राहते. मोटरला तिचा स्टार्टरच हवा.

लाइट जाऊन आली की

बल्ब घेतलेच असतील तर ॲपमध्ये ‘वीज आल्यावर काय करायचं’ अशा अर्थाची सेटिंग शोधा. चांगल्या बल्बांत ती असते. तिथे ‘आधीची स्थिती’ निवडली की रात्री दोनचा तमाशा थांबतो. ही सेटिंग नसलेला बल्ब लोडशेडिंगच्या गावात घेऊच नये.

हब आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. यामागे सहसा ध्यानात न येणारं एक कारण आहे. बऱ्याच हबमध्ये स्वतःचं घड्याळ चालू ठेवायला सेल नसतो, वेळ ते नेटवरून घेतात. लाइट गेली, हब बंद पडला, लाइट आली पण नेट आलं नाही, तर वाजले किती हेच त्याला कळत नाही. मग संध्याकाळी सातला लागणारा दिवा लागत नाही किंवा भलत्याच वेळी लागतो.

इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘इको’ असं बटण असतं. यूपीएसवर ठेवलं तर बदल इतक्या झटकन होतो की हब पुन्हा सुरू होत नाही. पण त्या स्थितीत व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर उडी मारतो. संध्याकाळी व्होल्टेज पडणाऱ्या वस्तीवर बॅटरी रोज उतरेल. तिथे इकोवर ठेवून हब-राउटरला राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावलेला परवडतो. घेण्याआधी दोन्ही डब्यांच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचा. १२ व्होल्टची पिन ५ व्होल्टच्या हबमध्ये गेली तर हब गेला.

रात्रीचा ओटा

एवढा उपद्व्याप कशासाठी, तर याच्यासाठी. परसातल्या न्हाणीघराकडे किंवा संडासाकडे रात्री अंधारात जाणारं म्हातारं माणूस पायरी चुकतं, नाहीतर पायाखाली काय आहे ते त्याला दिसत नाही. मण्यार रात्रीच फिरते. पलंगावरून पाय खाली ठेवला की खोलीतला मंद दिवा, दार उघडलं की ओट्याचा, पुढे गेलं की परसातला, असे दिवे आपोआप लागले तर बटण चाचपडावं लागत नाही. हबमध्ये हे रात्री दहा ते पहाटे पाच एवढ्याच वेळेसाठी ठरवता येतं, उजेडही कमी ठेवता येतो. फक्त उजेड कमी-जास्त करायचा तर तिथे स्मार्ट बल्ब किंवा डिमरचं मॉड्यूल आणि डिम होणारा बल्ब लागतो, साध्या मॉड्यूलने दिवा चालू-बंदच होतो.

सेन्सर अंगातल्या उष्णतेची हालचाल ओळखतो. माणूस, कुत्रं, मांजर, गाय सगळ्यांना तो ओळखतो, म्हणून गोठ्याकडे तोंड करून लावला तर दिवा रात्रभर उघडझाप करेल. तो साधारण सहा-सात फुटांवर, वाटेला आडवा बघेल असा लावा. समोरून सरळ येणाऱ्यापेक्षा आडवं जाणारं माणूस त्याला लवकर कळतं. आणि साप त्याला दिसतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. सापाचं अंग बाहेरच्या हवेइतकंच गरम-थंड असतं, सेन्सरला तो जवळजवळ कळत नाही. दिवा माणसाला दिसावं म्हणून आहे, बॅटरी हातात असलेली बरीच.

फक्त परसातला एकच दिवा हवा असेल तर हब, ॲप, नेट काहीच नको. सेन्सर आतच असलेला दिवा किंवा सोलरचा दिवा भिंतीला ठोकला की झालं.

बिल कमी होतं का?

विकणारे सांगतात तेवढं नाही. ९ वॅटचा एलईडी रोज पाच तास लावला तर महिन्याला १.३५ युनिट जळतात. स्मार्ट बल्ब विझलेला असतानाही ऐकत बसलेला असतो, त्याला साधारण ०.४ वॅट लागतात. असे दहा बल्ब म्हणजे महिन्याला जवळपास ३ युनिट. हब आणि राउटर मिळून १० वॅट धरले तर आणखी ७ युनिट. घरात आधीच एलईडी असतील तर बिल वाढण्याचीच शक्यता जास्त. जुने ६० किंवा १०० वॅटचे पिवळे बल्ब अजून असतील, तर आधी तेच काढा, हबचं नंतर बघा.

बसवताना

हब घराच्या मधोमध ठेवा. लोखंडी कपाटावर किंवा राउटरला चिकटून नको, तीन-चार फूट अंतर असू द्या. आधी विजेवरची उपकरणं जोडा, हबच्या जवळचं पहिलं, मग पुढचं. सेलवरचे सेन्सर शेवटी, आणि जिथे लावायचे तिथेच नेऊन जोडा. ॲपमध्ये नावं घरातल्यांना कळतील अशी द्या, ‘ओटा’, ‘देवघर’, ‘परस’. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या, व्हॉट्सॲपवर आलेली फाइल उघडू नका. जुना वापरलेला हब घेतलात तर आधी रीसेट करा, नाहीतर मागच्या मालकाच्या मोबाइलवर तुमचे दिवे दिसत राहतील.

खातं कुणाच्या नंबरवर उघडायचं यावरून पुढे भांडणं होतात. पुण्या-मुंबईचा मुलगा सुट्टीत येतो, स्वतःच्या मोबाइलवर सगळं जोडून देतो आणि निघून जातो. नंतर राउटर बदलला की गावाकडे कुणालाच काही करता येत नाही. खातं गावात राहणाऱ्याच्या नंबरवर उघडा आणि मुलाला वाटेकरी करा. त्याला तिकडून ओट्यावरचा सेन्सर सकाळी कितीला हलला तेही दिसतं. एकट्या राहणाऱ्या आई-वडिलांची काळजी असेल तर याचा आधार वाटतो, पण ते असं दिसतं हे त्यांना आधी सांगायला हवं. पासवर्ड एका कागदावर लिहून मीटरच्या बिलांसोबत ठेवा, आणि कुठलं मॉड्यूल कुठल्या बोर्डात आहे तेही त्याच कागदावर. पुढच्या वेळी येणारा वायरमन तोच असेल असं नाही.