बिजागरीचें विमान

विश्रांतवाडीच्या आकाशाला विमानांचें नावीन्य उरलेलें नाहीं. लोहगांवचा विमानतळ १९३९ सालीं उभा राहिला. आज तेथें वायुदलाचीं जेट विमानें आणि प्रवासी विमानें एकाच धावपट्टीवरून ये-जा करतात, आणि भोंवतालच्या वस्तींतील माणसांना बोलणें मध्येंच थांबवून आवाज ओसरण्याची वाट पाहण्याची संवय जडली आहे. अशा वस्तींतील एखाद्या हौशी गृहस्थास स्वतःच्या हातांनीं विमान बांधावेंसें वाटलें, तर त्यांत आश्चर्य नाहीं. त्यानें जुन्या धाटणीचा ऑटोजायरो निवडला, तर मात्र त्याच्या घरच्या मंडळींनींहि ह्या यंत्राची नीट ओळख करून घेणें अगत्याचें आहे. कारण त्यांतील चूक पैशानें भरून निघत नाहीं.

ऑटोजायरो दिसावयास हेलिकॉप्टरासारखा, पण स्वभावानें अगदीं निराळा. हेलिकॉप्टराच्या डोक्यावरचीं पातीं इंजिन फिरवितें. ऑटोजायरोचें इंजिन केवळ यंत्राला पुढें नेतें. डोक्यावरचीं पातीं वाऱ्यानेंच फिरतात. आळंदीच्या यात्रेंत घेतलेलें कागदी भिरभिरें हातांत धरून पोर धांवत सुटलें, कीं तें गरगर फिरूं लागतें. तसाच हा प्रकार. पात्यांचें चक्र किंचित् मागें कललेलें असतें. यंत्र पुढें जातांना हवा खालून वर त्यांत शिरते, पातीं फिरत राहतात, आणि फिरतां फिरतां तींच सारें वजन उचलून धरतात. इंजिन वरतीं बंद पडलें तरी यंत्र खालीं येऊं लागतांच हवा पुन्हां खालूनच लागते. म्हणून पातीं थांबत नाहींत आणि यंत्र दगडासारखें कोसळत नाहीं. मात्र वारा नसतां हवेंत जागच्या जागीं उभें राहणें त्याला साधत नाहीं.

जुन्या नमुन्याला ‘ट्रॅक्टर’ पद्धतीचा म्हणतात. शेतावरच्या ट्रॅक्टराशीं त्याचें नातें एवढेंच कीं, ह्या शब्दाचा मूळ अर्थ ‘ओढणारा’. इंजिन व पंखा नाकाशीं असतात आणि यंत्राला ओढून नेतात. पुढें अमेरिकेंत इगॉर बेन्सन ह्याच्या आराखड्यांवरून हौशी लोकांनीं जे लहान ऑटोजायरो बांधले, त्यांत पंखा पाठीमागें व बैठक उघडी असे. ते सुटसुटीत खरे. पण जुन्या यंत्राचा डौल त्यांना नाहीं. शिवाय मागून ढकलणारा पंखा यंत्राच्या गुरुत्वमध्याच्या वर बसला, तर ऐन वेळीं नाक खालीं दाबूं पाहतो. नाकावरच्या पंख्यांत हा धोका बराच कमी असतो.

ह्या यंत्राचा जनक हुआन द ला सिएर्व्हा हा स्पॅनिश इंजिनियर. त्याचीं पहिलीं मोठीं यंत्रें उडण्याऐवजीं एका कुशीवर कलंडत. कारण असें कीं, चक्राच्या ज्या बाजूचें पातें पुढें येतें त्याला वारा अधिक लागतो, म्हणून तें अधिक उचलतें. मागें जाणारें पातें कमी उचलतें. नवल हें, कीं त्याचें लहानसें मॉडेल मात्र बिनतक्रार उडत असे. मॉडेलाच्या पात्यांचा कणा वेताचा होता. वेत लवे, पुढें येणारें पातें थोडें वर उठे, मागें जाणारें खालीं येई, आणि उचल दोन्हीकडे सारखी होई. मोठीं पातीं ताठ होतीं, तीं लवत ना. सिएर्व्हानें मग प्रत्येक पात्याच्या मुळाशीं दाराला असते तशी बिजागरी बसविली, आणि जानेवारी १९२३ मध्यें माद्रिदजवळ हेटाफे येथें त्याचें चौथें यंत्र सरळ उडालें. फिरण्याच्या वेगानें पातीं बाहेर ताणलेलीं राहतात, त्यामुळें बिजागरी असूनहि तीं दुमडत नाहींत.

तेवढ्यानें काम भागलें नाहीं. फेब्रुवारी १९२७ मध्यें इंग्लंडांत हॅम्बल येथें फ्रँक कोर्टनी हा वैमानिक उडत असतां पातें मुळाशीं तुटलें आणि यंत्र खालीं आदळलें, वैमानिक वांचला. पातें वर-खालीं हलण्यास मोकळें होतें, पण पुढें-मागें हलण्यास जागा नव्हती. तो ताण दर फेऱ्याला मुळावर येत राहिला. त्यानंतर पुढें-मागें हलूं देणारी दुसरी बिजागरीहि बसविली गेली. जुन्या यंत्राची प्रतिकृति करणारानें ह्या दोन बिजागऱ्यांवर जितका वेळ खर्चावा तितका थोडाच. अंगावरचें कापड किंवा रंग ह्यांची घाई करण्याचें कारण नाहीं.

पातीं जमिनीवर फिरूं कशीं लागावीं, हाहि एक प्रश्नच होता. आरंभीं पात्यांखालच्या खुंट्यांना दोर गुंडाळीत आणि माणसें तो ओढून धांवत. भोंवऱ्याला जाळी गुंडाळून फेंकण्याचाच हा मोठा अवतार. पुढें शेपटीवरून पंख्याचा झोत वर वळविण्याची युक्ति निघाली आणि शेवटीं इंजिनाचीच शक्ति दांड्यानें पात्यांपर्यंत नेली. ही सोय असलेला ‘सी-३०’ हा नमुना १९३३ सालचा. इंग्लंडांत आव्हरो कंपनीनें तो बांधला. दुसऱ्या महायुद्धांत त्यानें रडारच्या जुळणीचें काम केलें. प्रतिकृतीला तोच आदर्श धरला, तर मापें लक्षांत घ्यावींत : पात्यांच्या चक्राचा व्यास ३७ फूट, इंजिन १४० अश्वशक्तीचें. म्हणजे एकेक पातें सुमारें अठरा फुटांचें. चाळीच्या जिन्यांतून तें उतरणार नाहीं! पातीं मागें दुमडण्याची सोय मूळ यंत्रांतच होती, हें भाग्य.

हें सारें घरीं होऊं शकतें काय? अमेरिकेंत रॉन हेरन ह्यानें नाकावर पंखा असलेला ‘लिटल विंग’ हा ऑटोजायरो घडविला, आणि २००३ सालीं त्याच जातीच्या यंत्रानें अँडी कीच ह्यानें अमेरिका खंड आरपार ओलांडलें. महाराष्ट्रांत ऑटोजायरोचें नव्हे, पण घरच्या विमानाचें उदाहरण ताजें आहे. कॅप्टन अमोल यादव ह्यांनीं मुंबईंत कांदिवलीस राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलें. फेब्रुवारी २०१६ मध्यें मुंबईच्या प्रदर्शनांत तें लोकांनीं पाहिलें. नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्यें झाली आणि उड्डाणाचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्यें मिळाला. चांचणीसाठीं तें धुळ्याच्या धावपट्टीवर न्यावें लागलें. पाहणाऱ्यांना विमान दिसल्यापासून परवाना हातीं येईपर्यंत साडेतीन वर्षांहून अधिक काळ गेला, हा हिशेब विश्रांतवाडीच्या कारागिरानेंहि आपल्या वहींत मांडावा. लोहगांवच्या तळाभोंवतीं परवानगीवांचून दूरनियंत्रित मॉडेलसुद्धां उडवितां येत नाहीं. मग माणूस बसलेल्या यंत्राची गोष्ट बोलावयास नको. बांधकाम विश्रांतवाडींत आणि उड्डाण दूरच्या धावपट्टीवर, हीच वांटणी.

उडविणाऱ्यानें शिकावयाची गोष्ट तर त्याहून अवघड. साध्या विमानाच्या संवयीनें कोणी दांडा जोरानें पुढें रेटला, तर चक्राखालची हवा निघून जाते, पात्यांचा वेग मंदावतो, तीं सैल पडून शेपटीवर किंवा पंख्यावर आपटूं शकतात. ऑटोजायरो इंजिन बंद पडून सहसा घात करीत नाहीं. घात होतो तो ह्या एका हिसक्यानें. म्हणून नवशिक्यास शिक्षकाबरोबर दोन आसनी यंत्रांत बसवितात, किंवा बिनइंजिनाचें यंत्र मोटारीमागें दोरानें ओढून मोकळ्या धावपट्टीवर हाता-दोन हातांच्या उंचीवर पात्यांचा अंदाज घ्यावयास लावतात.