‘मला जमेल’ हेच पहिले पाऊल

‘रोज चाला’ हा सल्ला मी रुग्णांना गेली अनेक वर्षे देत आलो. चार वर्षांपूर्वी माझ्याच रक्तात साखर निघाली आणि तो सल्ला स्वतः पाळायची वेळ आली. नवे बूट आणले, पहाटे पाचचा गजर लावला, रोज तासभर चालायचे ठरवले. तिसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून आल्या. चौथ्या दिवशी जाग आली नाही. आठवडाभरात बूट कपाटाखाली गेले आणि ‘हे आपल्याच्याने व्हायचे नाही’ असा निकाल मीच देऊन टाकला.

वाचकहो, हेच वाक्य मी दवाखान्यात नेहमी ऐकतो. व्यायामाचे फायदे बहुतेकांना ठाऊक असतात. घोडे अडते ते ‘मला जमेल’ या भरवशापाशी. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली हाच विचार मांडला. काम जमेल असे ज्याला वाटते, तो अडचण आली तरी नेटाने करतो; ज्याला वाटत नाही, तो लवकर माघार घेतो. हा विश्वास चार वाटांनी येतो : स्वतःला आलेले यश, आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमलेले पाहणे, जवळच्यांनी दिलेला धीर आणि शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. यांत स्वतःचे यश सर्वांत बळकट.

माझे चुकले ते इथेच. तासाचे ओझे घेऊन मी रोज नापास होत होतो. शेवटी सौ. म्हणाली, “अहो, तास राहू द्या. नाक्यावरून दूध तेवढे आणत जा.” जाऊन-येऊन दहा मिनिटे! पण ते रोज जमू लागले. भिंतीवरच्या कालनिर्णयवर मी खूण करू लागलो. खुणा वाढल्या तसा धीर वाढला, मग पाच-पाच मिनिटे वाढवली. आज चालल्यामुळे उद्याचा विश्वास वाढतो आणि त्या विश्वासामुळे उद्या पाऊल उचलते, असे हे चक्र आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. तेवढे जमत नसेल तर थोडेही काहीच नसण्यापेक्षा बरे, असेही तीच संघटना सांगते. म्हणून नक्की पार पडेल एवढेच आधी ठरवा. आपल्याच वयाचा सोबती शोधा. पाऊस-पाहुण्यांमुळे एक दिवस चुकला तर तो एकच दिवस चुकला असे समजा. दुसऱ्या दिवशी निघा.

चालताना धाप लागली की काहीजण घाबरून थांबतात. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागणे ही मध्यम व्यायामाचीच खूण आहे. मात्र छातीत दाब वा दुखणे, चक्कर किंवा फार धाप जाणवली तर ताबडतोब थांबा आणि डॉक्टरांना गाठा. हृदयविकार असलेल्यांनी, तसेच इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी सल्ला घ्यावा. विश्वास हवा, पण फाजील नको.

माझी गोळी चालूच आहे, साखरही ताब्यात आहे. बूट मात्र आता कपाटाखाली नसतात, दाराशी असतात. तुमचे कुठे आहेत?