खानदेशांतील आगंतुक घराणीं व भाटांच्या वह्या

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून मिळविलेलीं कागदपत्रें त्यांच्या १९२६ मधील निधनानंतर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळांत सुरक्षित झालीं, हें वाचकांस विदित आहेच. परंतु देशमुख, देशपांडे, कुळकर्णी यांच्या माळ्यावर दप्तर राहिलें तें वतनाच्या रक्षणासाठीं. ज्यांस वतनच नव्हतें, जे नांगर किंवा तागडी घेऊन परमुलखांतून येथें आले, त्यांनीं दप्तर कशासाठीं राखावें? गुजर व लेवा पाटीदार आपलें मूळ गुजरातेकडे सांगतात. माहेश्वरी व ओसवाल व्यापारी मारवाडाकडे बोट दाखवितात. ह्यांचा वंशेतिहास त्यांच्या घरीं शोधूं जातां सहसा सांपडत नाहीं. तो भाटाच्या वहींत आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळींत असतो.

यजमानाच्या दारीं येऊन जुनी वंशावळ वाचावी, नवे जन्म टिपावे आणि बिदागी घेऊन पुढील गांव गांठावें, हा भाटाचा व्यवसाय. ए. एम. शहा व आर. जी. श्रॉफ यांनीं १९५८ सालीं गुजरातच्या वहीवंचा बारोटांवर लिहितांना त्यांस वंशलेखक म्हटलें, तसेंच पुराणकथा रचणारेही म्हटलें. आणि तें यथार्थ आहे. वंशावळीचा शेंडा एखाद्या राजकुळास भिडला असेल, तर तो खुशाल सोडून द्यावा. खालच्या पिढ्या व वस्तीचीं गांवें यांतच खरें द्रव्य आहे.

कालनिर्णयांत मात्र जपावें. गुजराती संवत् कार्तिकांत पालटतो, उत्तरेकडील बहुधा चैत्रांत. म्हणून संवत् १९०० चा वैशाख शुद्ध पक्ष गुजराती गणनेनें शके १७६६, तर चैत्रादि गणनेनें शके १७६५ होय. शिवाय उत्तरेकडील पूर्णिमांत वैशाखाचा वद्य पक्ष म्हणजे आपल्या अमांत गणनेचा चैत्र वद्य. वही कोणत्या देशीची हें न पाहतां मिति पालटणारा एक वर्ष सहज चुकतो. महाजनी लेखनांत काना-मात्रा गाळलेल्या असल्यानें नांवें तर लिहिणाऱ्याच्या मुखांतूनच ऐकावीं.

संग्राहक बंधूंस एक विनंती आहे. वही विकत मागूं नये. ती भाटाची उपजीविका आहे, आणि वांटणींत तिचे भाग भावाभावांत जातात तेव्हां पुढील पिढीचा धागा आधींच तुटलेला असतो. आपण एक भाग उचलल्यास उरलेलेही निरर्थक होतील. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे सूक्ष्मपट अमेरिकेंतील यूटाच्या वंशावळी-संस्थेनें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत घेतले, तेव्हां मूळ वह्या पंड्यांपाशींच राहिल्या. जळगांवीं १९९० पासून विद्यापीठ आहे. त्याचें ग्रंथालय व धुळ्याचें मंडळ यांनीं हाच मार्ग धरावा. भाट गांवीं येतो तेव्हां घरच्या मंडळींच्या समक्ष छायाचित्रें घ्यावींत, त्याचें वाचन ध्वनिमुद्रित करावें, त्यास बिदागी द्यावी, आणि एक प्रत यजमानाच्या घरीं, एक ग्रंथालयांत ठेवावी. हयात व्यक्तींचीं पानें कुटुंबाच्या अनुज्ञेवांचून कोणास दाखवूं नयेत. दत्तक व सोडचिठ्ठ्या यांच्याही नोंदी त्यांत असूं शकतात.