पक्की टीम, फी फक्त काहीशे

संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये हात हलवायला जागा नसते, पण अंगठा हलवायला असते. चर्चगेटपासून 60 किलोमीटर, दीडेक तासाचा प्रवास. तेवढ्यात कोणी लुडो खेळतो, कोणी बीजीएमआय, कोणी उद्याच्या सामन्याची टीम मनात जुळवतो. मधेच पडद्यावर जाहिरात सरकते: गेममधून रोज कमाई, आमची पद्धत शिका, व्हीआयपी ग्रुपमध्ये या, फी फक्त काहीशे रुपये. नालासोपारा येईपर्यंत पैसे भरूनही होतात.

भरावेत का? बहुतेक जण विचारतात की पद्धत खरी आहे की खोटी. त्याहून कामाचा प्रश्न वेगळा आहे. खरी असलीच, तर हजार जणांना विकल्यावर ती चालेल का?

काही गेममध्ये कमाईच्या पद्धती खरोखर असतात. ब्रिटनच्या जागेक्स कंपनीच्या ‘रूनस्केप’मध्ये खेळाडूंचा आपसातला मोठा बाजार चालतो. कोणती वस्तू तयार करून विकली तर तासाला किती नाणी सुटतात, याची यादी त्या खेळाच्या विकीवर फुकट आहे, तीही चालू भावांसह. मग कमाईचे ‘गाइड’ म्हणून विकले जाणारे पुस्तक काय देते? बहुधा तीच माहिती, जुन्या भावात. आगाशी-नाळ्याच्या वाड्यांमधून सगळ्यांनी एकाच पहाटे दादरला मोगरा नेला तर भाव पडतो; गेममधल्या बाजारालाही तोच नियम. शिवाय ती नाणी रुपयांत विकायला कंपनीची मनाई आहे. पकडले गेल्यास खातेच बंद होऊ शकते. ही गोष्ट ‘गाइड’च्या मुखपृष्ठावर सहसा नसते.

आपल्याकडे मात्र गाइडचा खरा धंदा फोफावला तो फँटसी क्रिकेटवर. टेलिग्रामवर सामन्याआधी ‘पक्की टीम’ विकणारे उगवले. हिशोब साधा आहे. समजा, एका स्पर्धेत 100 जणांनी प्रत्येकी 50 रुपये भरले, जमा 5,000. खेळ चालवणाऱ्या कंपनीने त्यातले 15 टक्के ठेवले, तर बक्षिसांना 4,250 उरतात. म्हणजे खेळणाऱ्यांनी मिळून 750 रुपये हरायचेच. कोणी किती, एवढेच ठरायचे. त्यावर 2023 मध्ये भरलेल्या रकमेवर 28 टक्के जीएसटी आणि निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के टीडीएस आला. एवढा भार पेलून नफा उरवणारी टीम कोणाकडे असेलच, तर तिचे मोल ती इतरांकडे नसण्यात आहे. तीच अकरा नावे हजार ग्राहकांनी लावली, तर गुण सगळ्यांचे सारखे आणि बक्षीस वाटून घ्यायचे.

तरीही ‘अरे, त्याचे तीन अंदाज बरोबर आले’ असे सांगणारा मित्र प्रत्येकाला असतो. ते कसे घडवता येते पाहा. 800 जणांना फुकट अंदाज पाठवायचा. निम्म्यांना ‘मुंबई जिंकणार’, निम्म्यांना ‘चेन्नई’. ज्यांचा चुकला त्यांना सोडून द्यायचे, उरलेल्या 400 जणांचे पुन्हा दोन भाग. तीन सामन्यांनंतर 100 जण असे उरतात, ज्यांच्या डोळ्यांदेखत हा माणूस सलग तीनदा बरोबर निघाला. फी मागायची ती या शंभरांकडे. क्रिकेटमधले काही कळायची गरजच नाही.

हा व्यापार मोबाइलबरोबर आला असे मात्र नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर मुंबईत आकडा लागायचा. 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला, पुढे रतन खत्री यांचा मटका गाजला. ओपन, क्लोज, जोडी आणि पाना अशा मटक्याच्या प्रकारांचे जुने आकडे मांडलेले चार्ट लोक विकत घेऊन डोके खाजवत बसत. आकडा लागो न लागो, चार्टवाल्याची कमाई ठरलेली.

शेअर बाजारातले एक प्रकरण तर थेट कागदावर आहे. ‘बाप ऑफ चार्ट’ नावाने कोर्स विकणाऱ्या गुरूविरुद्ध बाजार नियामक सेबीने ऑक्टोबर 2023 मध्ये अंतरिम आदेश काढला आणि 17 कोटी 20 लाख रुपये जप्त करायला सांगितले. भरघोस नफ्याची हमी देणाऱ्या या गुरूला, सेबीच्या म्हणण्यानुसार, सुमारे अडीच वर्षांत स्वतःच्या व्यवहारांत 2 कोटी 89 लाखांचा तोटा झाला होता. तेव्हा गाइड घेण्याआधी विक्रेत्याकडे जिंकल्याचे स्क्रीनशॉट मागण्यात अर्थ नाही, ते कुणीही बनवतो. त्याचे घर खेळावर चालते की फीवर, हे विचारावे.

आता तर पैशांच्या खेळाचे गाइड घेणे आणखीच विचित्र ठरते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. 22 तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणारा गुन्हेगार ठरत नाही. कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले, पण ‘ड्रीम11’सारख्या कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा लगेच थांबवल्या. त्यानंतरही जो ‘पैसे लावा, आम्ही जिंकवतो’ म्हणतो, तो बहुधा परदेशातून चालणाऱ्या बेकायदा साइटकडेच नेत असतो.

गेमभोवती सरळ कमाई होतच नाही असे नाही. ती बहुतेक बनवणाऱ्यांची होते. ‘रोब्लॉक्स’वर स्वतः गेम तयार करणाऱ्याला कमावलेले रोबक्स, म्हणजे तिथले चलन, डॉलरमध्ये बदलून घेता येतात, त्यासाठी किमान 30,000 रोबक्स कमवावे लागतात. गेम बनवायला शिकवणारे धडे कंपनीच्याच साइटवर फुकट आहेत. एखाद्याने ते नीट समजावून सांगण्याची फी घेतली, तर ती शिकवणी झाली आणि तिला पैसे देण्यात वावगे काही नाही. फक्त ‘महिन्यात एवढे मिळतील’ हे वाक्य आले की उठावे.

आणि पैसे भरून फसवणूक झालीच असेल, तर यूपीआय व्यवहाराचा क्रमांक व संभाषणाचे स्क्रीनशॉट जपून ताबडतोब 1930 या हेल्पलाइनवर फोन करावा. मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या सायबर पोलिसांकडेही तक्रार देता येते. ग्रुपच्या ॲडमिनकडे परतावा मागत दोन दिवस घालवले, तर तोवर रक्कम चार खाती ओलांडून पुढे गेलेली असते.