गोळीला साथ घराची

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या चाचांना अचानक अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणे अडखळू लागले. त्यांचा रक्तदाब खूप वाढला होता, हे दवाखान्यात गेल्यावर कळले. त्याआधी त्यांनी तो कधीच मोजला नव्हता.

डॉक्टरांनी घरातील सर्व मोठ्या माणसांना तपासून घ्यायला सांगितले. अब्बांचा रक्तदाब १६०/१०० निघाला. अब्बांना नवल वाटले. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मला तर काहीच त्रास नाही!"

"काका, तुमच्या भावालाही काही त्रास नव्हता," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "मी गोळी लिहून देतो. पण गोळीला घराची साथ हवी."

मुलांनो, ही साथ कशी द्यायची, ते आज आपण पाहू.

रक्तदाब म्हणजे काय? आपले हृदय दिवसातून सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि शरीरभर रक्त पोहोचवते. वाहणारे रक्त रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर दाब देते. हाच रक्तदाब. तो दोन आकड्यांत सांगतात. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा दाब म्हणजे वरचा आकडा आणि ते सैल पडते तेव्हाचा दाब म्हणजे खालचा आकडा. मोठ्या माणसाचा रक्तदाब साधारणपणे १२०/८० च्या आत असणे चांगले. तो वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक आला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. असा दाब वर्षानुवर्षे राहिला, तर रक्तवाहिन्या कडक होतात. हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडे यांना इजा होते. पण बहुतेकांना काहीच जाणवत नाही. म्हणूनच हा आजार फसवा आहे.

पहिली साथ स्वयंपाकघराची. मीठ शरीरात पाणी धरून ठेवते. त्यामुळे रक्ताचे प्रमाण वाढते आणि दाबही वाढतो. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चहाच्या चमच्यापेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यात सालनात घातलेले मीठ तर धरायचेच, पण लोणचे, पापड, फरसाण, वेफर्स, खारी आणि पाव यांतले लपलेले मीठही धरायचे. सैंधव मिठाने रक्तदाब वाढत नाही, असे काही जण समजतात. ते खरे नाही. सैंधव मीठही मीठच आहे.

अम्मींनी एक युक्ती केली. त्यांनी एकदम मीठ बंद केले नाही. दर आठवड्याला थोडे थोडे कमी केले. चव राहावी म्हणून लिंबू, कोथिंबीर, जिरे आणि लसूण यांचा वापर वाढवला. दस्तरखानावरची मिठाची डबी उचलून ठेवली. पहिले काही दिवस आम्ही कुरकुर केली. पण दीड-दोन महिन्यांत जिभेला सवय झाली. आता बाहेरचे जेवणच आम्हाला खारट लागते! त्याचबरोबर तळलेले पदार्थ कमी झाले आणि ताटात भाज्या, डाळी व फळे वाढली.

दुसरी साथ पायांची. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी दुमजली बसवरील चालक आणि वाहक यांच्या आरोग्याचा अभ्यास केला. तो १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. चालक दिवसभर बसून असत. वाहक तिकिटे देण्यासाठी सारखे जिने चढत-उतरत. बस तीच, रस्ते तेच. पण वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. अब्बाही दिवसभर दुकानात बसून असत. आता फजरच्या नमाजानंतर ते अर्धा तास भरभर चालतात. आठवड्यातून पाच दिवस एवढे चालले, तरी शरीराला मोठा फायदा होतो. वजन आटोक्यात राहते आणि रक्तदाबही उतरतो.

तिसरी साथ निश्चयाची. विडी-सिगारेटमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. तंबाखू व गुटखाही घातकच. अब्बांची विडी सुटायला सर्वांत जास्त वेळ लागला. दोनदा सोडली, दोनदा पुन्हा सुरू झाली. तिसऱ्यांदा मात्र सुटली.

एका घराला जे जमते, ते साऱ्या प्रांतालाही जमते. फिनलंड हा युरोपच्या उत्तरेकडील थंड देश. तेथील उत्तर करेलिया प्रांतात ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने दगावत होते. लोक पावावर लोण्याचा जाड थर लावून खात. खारट पदार्थ आणि सिगारेटही भरपूर. १९७१ मध्ये तेथील लोकप्रतिनिधींनी सरकारकडे मदत मागितली. १९७२ मध्ये पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. गावोगावच्या स्त्रियांनी कमी मिठाचा व कमी लोण्याचा स्वयंपाक शिकून घेतला आणि इतरांना शिकवला. अनेकांनी सिगारेट सोडली. पुढील सुमारे ३५ वर्षांत कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. यात नव्या उपचारांचा वाटा होताच. पण मोठा वाटा बदललेल्या सवयींचा होता.

मात्र एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. रक्तदाब उतरला, म्हणून मनानेच गोळी बंद करायची नाही. सात-आठ महिन्यांनी अब्बांचा रक्तदाब १३०/८० वर आला, तेव्हा त्यांनीही "आता गोळी कशाला?" असे विचारले. डॉक्टरांनी तपासून गोळीची मात्रा कमी केली, पण गोळी चालू ठेवली. अब्बांनी ते ऐकले.

चाचांचा हात अजून पूर्ण बरा झालेला नाही. ते रोज अब्बांबरोबर हळूहळू चालतात आणि म्हणतात, "मी वेळेवर मोजला असता तर!"

मुलांनो, आज घरी गेल्यावर अम्मी-अब्बांना, दादा-दादींना एवढेच विचारा, "तुम्ही रक्तदाब शेवटचा कधी मोजला?" उत्तर आठवत नसेल, तर त्यांना जवळच्या आरोग्य केंद्रात घेऊन जा. मोजायला दोन मिनिटेही लागत नाहीत.